दस्तकाचा विसर

परदेशी पाहुण्याची नोंद मागितली किंवा परक्या जहाजाचे कागद तपासले, की आपल्याकडील एका वर्गाला तत्काळ स्वातंत्र्याचा कैवार आठवतो. 1 सप्टेंबर 2025 पासून लागू झालेल्या, परकीयांच्या प्रवेशाविषयीच्या नव्या कायद्याबाबतही हेच घडले. 1920 ते 2000 या काळातील चार कायद्यांची जागा त्याने घेतली. विमान व जहाज कंपन्यांनी प्रवाशांची माहिती द्यावी आणि हॉटेले, विद्यापीठे, रुग्णालये यांनी परदेशी व्यक्तींची नोंद कळवावी, असे तो सांगतो. यात जुलूम तो कोणता?

हा विचार या भूमीला नवा नाही. टोपीकर हे इतर सावकारांसारखे नव्हेत, त्यांच्या पाठीशी त्यांचे राजे उभे आहेत. त्यांना व्यापार करू द्यावा, पण समुद्रालगत ठाणे देऊ नये, असा इशारा रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राने तीन शतकांपूर्वीच दिला होता. कान्होजी आंग्रे यांनी दस्तकाचा आग्रह धरला, तो व्यापार बुडविण्यासाठी नव्हे. आपल्या पाण्यावर सत्ता आपली, हे परक्यांनी मान्य करावे, यासाठी. इंग्रजांना ते सोसवले नाही. 1718 मध्ये खांदेरीवर आणि 1721 मध्ये पोर्तुगीजांना सोबत घेऊन कुलाब्यावर ते चालून आले आणि दोन्ही वेळा हात हलवीत परतले.

या शहाणपणाच्या विस्मृतीची किंमत मुंबईने मोजली आहे. 1993 च्या प्रारंभी शेखाडीच्या किनाऱ्यावर आरडीएक्स उतरले आणि 12 मार्च रोजी 257 जीव गेले. अमेरिकी पारपत्र आणि 2006 मध्ये बदललेले नाव घेऊन डेव्हिड हेडली वारंवार मुंबईत आला, येथे कार्यालय थाटून टेहळणी करीत राहिला. 26 नोव्हेंबर 2008 रोजी ‘कुबेर’ नौका बळकावून आलेले दहा जण कफ परेडला उतरले. 166 जणांचे प्राण गेले.

कायदे तेव्हाही होते! उणीव होती ती जाग्या नजरेची आणि स्वच्छ हातांची. शेखाडी प्रकरणात सीमाशुल्क व पोलीस खात्यांतील माणसेच न्यायालयात दोषी ठरली, हे विसरून चालणार नाही. ऑगस्ट 2022 मध्ये एक बेवारस नौका तीन एके-47 रायफलींसह थेट हरिहरेश्वरच्या वाळूत येऊन लागली. ओमानच्या बाजूने वाहत आलेल्या त्या नौकेमागे घातपाताचा हेतू आढळला नाही, हे सुदैव. पण सुदैव ही संरक्षणव्यवस्था नव्हे.

म्हणून नव्या कायद्याचे स्वागत करतानाच शासनालाही जाब विचारला पाहिजे. 2008 साली त्या दहा जणांना प्रथम हटकले ते मच्छीमार वस्तीतील रहिवाशांनी. सागराचा खरा पहारेकरी तोच. त्याला केवळ ओळखपत्र देऊन भागणार नाही. त्याने दिलेली खबर त्याच क्षणी ऐकून घेणारे, रात्रंदिवस जागे ठाणे हवे.

अतिथी देवासमान खराच. पण दार उघडण्यापूर्वी ‘कोण?’ असे विचारणे हा घरधन्याचा धर्म आहे.