‘सबब’च्या आधीचे वाक्य

मराठीच्या प्राध्यापकांच्या कोणत्याही बैठकीत एक विलाप ठरलेला असतो : मुले शाळेतून काहीच शिकून येत नाहीत, त्यांना ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही, ती ‘आणि’लाही दीर्घ वेलांटी देतात. या विलापात आम्हांला सूर मिसळायचा नाही. लेखनाचे चौदा नियम शासनाने १९६२ साली स्वीकारले, १९७२मध्ये त्यांत आणखी चारांची भर पडली. त्या अठरा नियमांत बसणारी चूक कोश उघडून दुरुस्त करता येते. कोश उघडूनही जी दुरुस्त होत नाही, तिच्याविषयी बोलायला हवे. शालान्त परीक्षा उत्तम गुणांनी उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला दोन पानांचा वैचारिक मजकूर दिला, तर लेखकाचे म्हणणे काय आणि तो ते कशाच्या आधाराने म्हणतो, एवढे पुष्कळदा सांगता येत नाही. माध्यमिक शाळेतील मराठीचे खरे अपयश हे आहे. आणि ते मुलांचे नसून अभ्यासाच्या रचनेचे आहे.

पाठांतराला आळा बसावा म्हणून प्रश्नपत्रिकेच्या जागी कृतिपत्रिका आली. हेतू निर्विवाद चांगला होता. २०१८ साली आलेल्या दहावीच्या ‘कुमारभारती’चीही परीक्षा याच चौकटीत होते. पण आकृती पूर्ण करा, चौकटी भरा, जोड्या लावा या कृतींनी वाचनाचे काय होते? उतारा म्हणजे शब्द वेचण्याचे शेत ठरतो. नजर उताऱ्यावरून फिरते, हवा तो शब्द खुडते आणि चौकटीत टाकते. पहिल्या परिच्छेदाने दुसऱ्याला जन्म कसा दिला, हे न कळताही गुण पदरात पडतात. ‘स्वमत’ आणि ‘रसग्रहण’ आहेत ना, असे कोणी म्हणेल. आहेत, पण गाईडांनी त्यांचेही साचे पुरवले आहेत. ज्या मताला कोणी विरोध करण्याची शक्यताच नाही, ते मत मांडायला मुलांनी शिकावे तरी कशासाठी?

बोलण्याची आणि ऐकण्याची गोष्ट तर याहून करुण. भाषाविषयांचे शाळांतर्गत २० गुण २०१८-१९मध्ये रद्द झाले आणि मार्च २०१९चा दहावीचा निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. मोठे काहूर उठले, आणि पुढच्याच शैक्षणिक वर्षापासून ते गुण परत देण्यात आले. त्या वादात गुण केंद्रस्थानी होते, श्रवण आणि भाषण नव्हते. दुसऱ्याचे बोलणे नीट ऐकून ते त्याला मान्य होईल अशा शब्दांत पुन्हा सांगणे, ही परीक्षा त्या वीस गुणांत कितपत घेतली जात होती, हा प्रश्न काहूर ओसरताच मागे पडला.

मग उपाय म्हणून ‘उपयोजना’चा मंत्र पुढे केला जातो. जाहिरात लिहा, बातमी लिहा. या लेखनप्रकारांचे आम्हांला वावडे नाही. मात्र ते बाह्य साचे आहेत. त्यांच्या आत जे हवे, ते वाक्याला वाक्य जोडण्याचे सामर्थ्य. व्याकरणात उभयान्वयी अव्यये ओळखायला शिकवतात : ‘परंतु’ न्यूनत्वबोधक, ‘म्हणून’ परिणामबोधक. ओळखता आले की गुण मिळतो. पण ‘पाऊस पडला म्हणून पेरणी झाली’ आणि ‘पाऊस पडला तरी पेरणी झाली नाही’ या दोन वाक्यांत जगाकडे पाहण्याचा जो फरक आहे, तो स्वतःच्या लेखनात आणण्याचा सराव कोण देतो? दुसऱ्या वाक्यानंतर ‘का?’ असा प्रश्न उभा राहतो आणि विचार तिथूनच सुरू होतो.

मराठी गद्याला हे शिकवण्यासाठी बाहेरून काही उसने आणावे लागणार नाही. आपले आधुनिक गद्य भांडणातच वाढले. लोकहितवादींनी १८४८पासून ‘प्रभाकर’मध्ये पत्रे लिहिली ती समाजाशी वाद घालण्यासाठी. ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली, ती स्त्रियांवरच्या आरोपांना उत्तर म्हणून. त्या आरोप झुगारतात आणि तेच आरोप करणाऱ्यांवर उलटवतात. या गद्यातला एकच परिच्छेद घेऊन, दावा कोणता, आधार कोणता, प्रतिपक्ष कोण, हे वर्गात आठवडाभर उलगडता येईल.

म्हणून आमची मागणी थोडकी आहे. नववी-दहावीच्या मुलाला चार गोष्टी आल्याच पाहिजेत : मजकुराचा सारांश स्वतःच्या शब्दांत सांगणे, न पटणारे मत विपर्यास न करता मांडणे, आपल्या मताला कारण देणे, आणि आपलेच लेखन दुसऱ्यांदा लिहून सुधारणे. साठ-सत्तर मुलांच्या वर्गात इतक्या वह्या तपासणार कोण, हा आक्षेप आम्ही गंभीरपणे घेतो. त्याला उत्तर आहे : वर्षभरात वीस निबंध नकोत, चार पुरेत, पण प्रत्येक तीनदा लिहिलेला हवा, आणि मधले वाचन मुलांनी एकमेकांचे करावे.

२०२०च्या कायद्याने राज्यातील शाळांत मराठी सक्तीची झाली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी तिला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. दोन्हींचा आनंद आहे. परंतु सक्तीने तास मिळतो आणि दर्जाने मान मिळतो. त्या तासात काय घडावे, हे ना कायदा ठरवतो ना दर्जा.

ज्यांच्या घरी वर्तमानपत्र येते, वाद होतात, त्यांची मुले हे सारे घरीच शिकतील. ज्यांच्या घरी तसे काही नाही, त्यांना मराठीचा तास हीच एक जागा आहे. उद्या त्यांच्या हाती कचेरीचे पत्र पडेल : ‘सबब, आपला अर्ज नामंजूर करण्यात येत आहे.’ ‘सबब’ हे परिणामबोधक अव्यय आहे, हे त्यांना शाळेने सांगितलेले असेल. त्याच्या आधीचे वाक्य शोधून, ते कारण टिकणारे आहे की नाही हे तपासून, टिकत नसल्यास तसे लेखी कळवण्याची ताकद शाळेने दिली नसेल, तर दहा वर्षे मराठी शिकवली असे आपण कोणत्या तोंडाने म्हणायचे?