गाडीआधी आवाज पोहोचायला हवा

औंढा नागनाथ तालुक्यातील जवळा बाजार येथे ऐन बाजारात कुणी कोसळले, तर भोवतालचे लोक काय करतील? कुणी पाणी पाजू पाहील, कुणी तळपाय चोळील आणि जीप मिळताच रुग्णाला मागच्या सीटवर घालून गाडी हिंगोली वा परभणीकडे निघेल. हृदय बंद पडलेल्या माणसाला यातील कशाचाच उपयोग नाही. त्याची छाती दाबण्यास होणाऱ्या प्रत्येक मिनिटाच्या विलंबाने जगण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते.

राज्यात २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांसह '१०८' सेवा सुरू झाली, तेव्हा शहरात २० व ग्रामीण भागात ३० मिनिटांत गाडी पोहोचवण्याचे उद्दिष्ट ठरले. अपघात, बाळंतपणात या सेवेचा मोठा आधार झाला, हे नाकारता येणार नाही. मात्र हृदयक्रिया थांबल्यावर चार-पाच मिनिटांतच मेंदूला इजा होऊ लागते. म्हणजे उद्दिष्ट तंतोतंत पाळले, तरी या रुग्णासाठी गाडी उशिराच येणार. वेळेत पोहोचू शकतो तो फक्त पुण्याच्या नियंत्रण कक्षातील आवाज.

अमेरिकेतील सिएटल परिसरात १९८० च्या दशकापासून फोन घेणारा कर्मचारीच छाती कशी दाबायची ते सांगतो. तो आधी दोन प्रश्न विचारतो. रुग्ण शुद्धीवर आहे का? श्वास नेहमीसारखा चालू आहे का? दोन्हींचे उत्तर 'नाही' आले की सूचना सुरू. गफलत होते ती दुसऱ्या प्रश्नात. हृदय बंद पडल्यावरही काही वेळ अनेकांना आचके येतात, घरघर ऐकू येते. नातेवाईक 'श्वास चालू आहे' म्हणतात आणि मोलाची मिनिटे हातची जातात.

पुढचे काम अवघड नाही. फोन स्पीकरवर ठेवून रुग्णाला बाजेवरून जमिनीवर उताणे निजवायचे (बाजेवर दाब वाया जातो) आणि छातीच्या मधोमध तळहात रोवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, किमान पाच सेंटिमीटर खोल दाबायचे. अडसर संकोचाचा व भीतीचा आहे. परक्या बाईच्या छातीला हात कुणी लावायचा, बरगडी मोडली तर जबाबदार कोण? मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने मदतकर्त्याला मिळालेले संरक्षण रस्ते अपघातापुरतेच आहे. अशा वेळी 'थांबू नका, दाबत राहा' असे अधिकाराने सांगणारे कुणी फोनवर असेल, तरच हात पुढे येतील.

पत्ता कळल्यापासून ९० सेकंदांत पहिला दाब पडावा, असे अमेरिकन हार्ट असोसिएशनचे मानक आहे. '१०८' चा हिशेब गाडीच्या मिनिटांबरोबर या सेकंदांतही मांडला गेला पाहिजे. त्यातही 'जवळा' नावाची गावे मराठवाड्यात अनेक. त्यामुळे फोन करणाऱ्याने गाव, तालुका व जिल्हा पहिल्याच वाक्यात सांगितलेला बरा.