धारोष्ण दूध गरोदरपणात नकोच!

गरोदर बाईला धारोष्ण दूध द्यावे, त्याने बाळाला ताकद मिळते, असे आजही अनेक घरांत सांगितले जाते. माझे मत स्पष्ट आहे: गरोदरपणात न उकळलेले दूध घोटभरही नको.

कारण लिस्टेरिया नावाचा जिवाणू. तो माती, चारा आणि शेणात असतो व तिथून दुधात उतरतो. दुधाची चव, वास, रंग काहीच बदलत नाही. बहुतेक जंतूंची वाढ फ्रिजमध्ये मंदावते किंवा थांबते; हा मात्र ४ अंश सेल्सिअसलाही वाढत राहतो. म्हणजे कच्चे दूध फ्रिजमध्ये ठेवले की काळजी मिटली, असे नाही.

आईला थोडा ताप, अंगदुखी एवढेच होते. पण गर्भपात होऊ शकतो किंवा मूल मृत जन्मू शकते. १९८५ साली अमेरिकेत लॉस एंजेलिस परिसरात मऊ चीजमधून लिस्टेरियाची साथ आली. १४२ रुग्णांची नोंद झाली, ४८ मृत्यू झाले. त्यांत २० गर्भ आणि १० नवजात बाळे होती.

उपाय आपल्या चुलीवरच आहे. दूध नीट उकळा, झाकून ठेवा, लवकर संपवा. सुटे पनीर शिजवूनच खा. वृद्ध, मधुमेही, कर्करोगाचे किंवा स्टेरॉइडचे उपचार घेणारे यांनीही हेच पाळावे. गरोदरपणात ताप आला तर अंगावर काढू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा. वेळेवर दिलेल्या प्रतिजैविकांनी बाळ वाचू शकते.

उकळल्याने दुधातली प्रथिने आणि कॅल्शियम कुठे जात नाहीत. ताकद दुधात आहे, त्याच्या कच्चेपणात नाही.