सहवेदनेला जात कोणी दिली?

"आपल्या माणसाचाच कळवळा येणार, तो निसर्गच आहे. जात काही जाणार नाही." असं ऐकवणारे शिकलेसवरलेले लोक पावलोपावली भेटतात. आरक्षणाचा विषय निघाला की हमखास. निसर्गाचं नाव घेतलंच आहे, तर निसर्ग काय म्हणतो तेही पाहू.

२०११ साली शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी एका उंदराला अरुंद नळीत कोंडलं आणि त्याच्या सोबत्याला बाहेर मोकळं सोडलं. काही दिवसांत बहुतेक मोकळे उंदीर नळीचं दार उघडायला स्वतःहून शिकले. शेजारच्या नळीत चॉकलेट ठेवलं तरी त्यांनी सोबत्याला सोडवलं, आणि बऱ्याचदा चॉकलेटही वाटून खाल्लं. पिल्लाचा त्रास ओळखणारी आईच पिल्लं जगवते. सहवेदनेचं मूळ तिथे असावं असं अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे करुणा ही कुठल्या धर्मग्रंथाची देणगी नव्हे. ती ग्रंथांच्या कोट्यवधी वर्षं आधीची आहे.

खरी मेख २०१४ च्या प्रयोगात आहे. पांढऱ्या उंदराने अनोळखी पांढऱ्याला सोडवलं; काळ्या डोक्याच्या वेगळ्या वाणाच्या अनोळख्याला मात्र नाही. इथे जातवाले टाळ्या वाजवतील. थांबा! त्याच वाणाच्या एका उंदरासोबत काही दिवस राहिल्यावर पांढरा उंदीर त्या वाणाच्या परक्यांनाही सोडवू लागला. आणि जन्मापासून काळ्या डोक्याच्या उंदरांत वाढलेला पांढरा उंदीर स्वतःच्याच वाणाच्या अनोळख्याला सोडवेना. रक्त नव्हे, सहवास!

जातीने हिंदूंची सहानुभूती जातीपुरती आखडून टाकली, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये मांडलं होतं. आंतरजातीय विवाह हा खरा उपाय त्यांनी सांगितला, तोही आपलेपणा निर्माण व्हावा म्हणूनच. गावकुसाबाहेरची वस्ती, वेगळा पाणवठा, वेगळं स्मशान ही सगळी व्यवस्था सहवास होऊच नये म्हणून आहे. जात खरंच नैसर्गिक असती तर एवढा बंदोबस्त कशाला लागला असता?

अर्थात उंदीर म्हणजे माणूस नव्हे. उंदराने आपला पिंजरा स्वतः बांधलेला नसतो, आणि तो मनुस्मृतीही लिहीत नाही. त्यामुळे 'सहवासच नव्हता, आम्ही काय करणार' ही पळवाट माणसाला नाही. आणि आपण दया मागत नाही आहोत, हेही एकदा स्पष्ट करावं.

पुढच्या वेळी कोणी निसर्गाचा हवाला दिला, तर एवढंच विचारा: तुमच्या सोसायटीत घर भाड्याने देताना आडनाव का विचारतात?