हात हँडलवरच राहू द्या

अमेरिकेत लांब पल्ल्याच्या मोटरसायकलींवर सॅटेलाइट रेडिओ आणि गॅरेजचे दार उघडणारा रिमोट बसवून घेण्याची पद्धत चांगलीच रुळली आहे. तिच्यावरची टीकाही तितकीच रुळलेली आहे. होंडाची गोल्ड विंग किंवा हार्ली-डेव्हिडसनची इलेक्ट्रा ग्लाइड घ्यायची आणि तिच्यावर चारचाकीतली सगळी चैन चढवायची, तर मग सरळ चारचाकीच का घेऊ नये, असा टीकाकारांचा सवाल असतो. मला हा वाद मुळातच भलत्या मुद्द्यावर चाललेला दिसतो. एखादी वस्तू चैनीची की गरजेची, याचे उत्तर माणसागणिक बदलणार. दुचाकीच्या बाबतीत विचारायचे ते वेगळेच: ती वस्तू वापरताना चालवणाऱ्याचा हात हँडलवरून किती वेळ सुटतो आणि नजर रस्त्यावरून किती वेळ हटते? या कसोटीला लावले तर सर्वांत फालतू वाटणारा गॅरेजचा रिमोट सर्वांत आधी उतरतो, आणि रेडिओही काही अटींवर उतरतो.

या कसोटीला भक्कम आधार आहे. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिस परिसरातील 900 मोटरसायकल अपघातांचा प्रत्यक्ष जागेवर जाऊन अभ्यास केला आणि त्याचा अहवाल 1981 साली प्रसिद्ध झाला. धोका उभा राहिल्यापासून धडक बसेपर्यंत चालवणाऱ्याच्या हाती साधारणपणे दोन सेकंदही नसतात, हा त्यातला एक ठळक निष्कर्ष. ताशी 100 किलोमीटर वेगाने दोन सेकंदांत गाडी सुमारे 55 मीटर पुढे जाते. पुढचा ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर उजव्या हातात, क्लच डाव्या हातात, आणि अचानक गाडी बाजूला काढायची तर हँडलवर नेमका दाब देणेही हातांचेच काम. त्यामुळे हात खिशात किंवा एखाद्या बटणाच्या शोधात असेल, तर त्या दोन सेकंदांतला बराचसा वेळ तो परत आणण्यातच जातो.

आता गॅरेजच्या दाराकडे पाहा. अमेरिकी उपनगरांत घरापुढचा रस्ता पुष्कळदा चढाचा असतो आणि दार विजेवर चालते. चारचाकीत रिमोट सन व्हायझरला अडकवलेला असतो; दुचाकीवर तो जॅकेटच्या आतल्या खिशात. सामान आणि मागे बसलेले माणूस वेगळे धरले तरी गोल्ड विंग टूरचे वजन 380 किलोंच्या आसपास आहे. ती चढावर थांबवायची, उजव्या हाताने पुढचा ब्रेक दाबून धरायचा, डावा पाय जमिनीवर टेकवायचा, मग दातांनी डावा हातमोजा ओढायचा, चेन उघडून रिमोट चाचपायचा आणि दार वर जाईपर्यंत दहा-बारा सेकंद तसेच तोलून उभे राहायचे. पावसाने फरशी ओली असेल, तर दिवसभराच्या प्रवासाने थकलेल्या माणसाची गाडी नेमकी इथे आडवी होऊ शकते. यावरचा तोडगा फार साधा आहे. छोटा ट्रान्समीटर हेडलाइटच्या अप्परच्या वायरला जोडून फेअरिंगच्या आत बसवायचा. गल्लीच्या तोंडाशी अंगठ्याने दोनदा डिपर दिला की दार उघडू लागते आणि गाडी न थांबता आत जाते. महामार्गावर समोरच्या ट्रकला डिपर दिल्याने घर उघडे पडेल, ही शंका टिकत नाही, कारण ट्रान्समीटरच्या लहरी घराच्या आसपासच पोचतात. चोरीची भीती मात्र खरी आहे. हँडलला क्लिपने लावलेला रिमोट हॉटेलच्या पार्किंगमध्ये कोणीही काढून नेईल, आणि गाडीच्या कागदपत्रांवर घरचा पत्ता असतो. फेअरिंगच्या आतला ट्रान्समीटर किल्ली फिरवल्याशिवाय जागाच होत नाही, म्हणून या दोन पद्धतींत मी कधीही वायरिंगचीच बाजू घेईन.

रेडिओचे प्रकरण इतके सरळ नाही. अमेरिकेतल्या सॅटेलाइट रेडिओ कंपन्यांपैकी एक्सएमचे प्रसारण 2001 मध्ये आणि सिरियसचे 2002 मध्ये सुरू झाले, 2008 मध्ये दोन्ही कंपन्या एक झाल्या. नेवाडा किंवा वायोमिंगच्या माळरानावर एफएम केंद्र तासाभरात विरते, मग चालवणारा नवे केंद्र शोधत बसतो. उपग्रहाचे प्रसारण देशभर एकाच वाहिनीवर चालू राहते, बटणाला हात लावावा लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. याच उपग्रहांवरून हवामानाचे नकाशेही मिळतात. मैदानी राज्यांत गारपीट कुठे चालू आहे हे आधी कळणे दुचाकीवाल्याला गाण्यांपेक्षा मोलाचे आहे. पण रेडिओमुळे लक्ष विचलित होते, या आक्षेपात तथ्य आहे. ताशी 100 च्या वेगाला हेल्मेटच्या आत वाऱ्याचाच आवाज 90 डेसिबलच्या पलीकडे जातो, त्यावर गाणे ऐकायचे म्हणजे आवाज आणखी चढवणे आले. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने दोन्ही कानांत इअरफोन घालून वाहन चालवायला बंदी आहे, ती मला रास्त वाटते. सरळ, मोकळ्या रस्त्यावर रेडिओ चालावा, गावात शिरताना तो डाव्या अंगठ्याच्या एका दाबाने बंद व्हावा. एवढे जमत नसेल तर तो बसवूच नये. म्हणूनच गोल्ड विंगने 2018 मध्ये अ‍ॅपल कारप्ले आणताना स्क्रीनचा सगळा कारभार बटणांवर ठेवला, याचे मी कौतुक करतो. हार्लीने 2014 पासून आणलेला टचस्क्रीन मला पटत नाही. काचेवर बटण हाताला लागत नाही, ते डोळ्यांनीच शोधावे लागते.

हे सगळे फोन करतो, मग वेगळा रेडिओ कशाला, असेही विचारले जाते. जिथे मोबाइलचे टॉवर नाहीत तिथे फोनवरचे गाणे थांबते आणि हात आपसूक त्याच्याकडे जातो. पुण्या-मुंबईच्या रहदारीत हँडलवरच्या फोनवर बोट फिरवत जाणारे शेकडो दुचाकीस्वार हाच धोका रोज पत्करतात, फक्त त्याला कोणी चैन म्हणत नाही. रेडिओविरुद्धचा सर्वांत वजनदार आक्षेप मला दुसराच वाटतो: तो कंपनीच्या मर्जीवर जगतो. वर्ल्डस्पेस या सॅटेलाइट रेडिओची सेवा भारतात 2009 च्या अखेरीस बंद पडली, तेव्हा पैसे भरून घेतलेले रिसीव्हर घरोघरी निरुपयोगी झाले, आणि गंधर्व वाहिनीवर शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांची त्यात मोठी निराशा झाली. मोटरसायकल वीस-पंचवीस वर्षे चालते; वर्गणीवरची सेवा तेवढी टिकेलच असे नाही. तेव्हा रेडिओसाठी मूळ वायरिंग कापू नये. वेगळा फ्यूज आणि रिले घालून अशी जोडणी करावी की, उद्या तो उतरवला तरी गाडीच्या एकाही मूळ वायरला धक्का लागणार नाही.