'जलाश्व'ला आता वारस द्या

विमानवाहू जहाज आलं की वर्तमानपत्रांत पानभर फोटो येतात. सैनिक, रणगाडे, ट्रक वाहून नेणाऱ्या जहाजाच्या वाट्याला तेवढं कौतुक कधी येत नाही. आपल्या नौदलात या कामाचं सर्वांत मोठं जहाज 'जलाश्व'. हजारभर सैनिक पोटात घेणारं. ते पहिल्यांदा सेवेत आलं ६ मार्च १९७१ ला, तेही अमेरिकेच्या. माझी नोकरी डॉकयार्डात बॉयलर फिटर म्हणून झाली, त्यामुळे ही तारीख वाचली की मला आधी त्याच्या बॉयलरच्या नळ्या दिसतात.

तेव्हा त्याचं नाव 'ट्रेंटन'. १९८३ मध्ये ते ग्रेनाडाच्या मोहिमेत होतं. जानेवारी १९९१ मध्ये त्याच्या डेकवरून रात्री निघालेली दोन हेलिकॉप्टरं हवेतच इंधन भरत पहाटे मोगादिशूच्या अमेरिकी वकिलातीत उतरली. जुलै २००६ मध्ये बैरूतहून त्याने सतराशेहून अधिक अमेरिकी नागरिक बाहेर काढले. त्याच दिवसांत आपली 'मुंबई' ही विनाशिका तिथूनच भारतीयांना आणत होती. पुढच्याच वर्षी ट्रेंटन आपलं होणार होतं.

२००४ च्या त्सुनामीत मोठ्या प्रमाणावर माणसं आणि सामान हलवणारं जहाज आपल्याकडे नाही, हे उघडं पडलं होतं. सुमारे ४.८ कोटी डॉलरला सौदा झाला आणि २२ जून २००७ ला ते 'जलाश्व' झालं. फेब्रुवारी २००८ मध्ये बंगालच्या उपसागरात विषारी वायूच्या गळतीने एक अधिकारी आणि पाच नौसैनिक गेले. त्याच वर्षी 'कॅग'ने, जहाजाची नीट पारख न करता एवढं जुनं जहाज घेतलंच कसं, असं विचारलं. प्रश्न रास्त होता. तरी माझ्या मते सौदा वाया गेला नाही. मे २०२० मध्ये विमानं बंद असताना याच जहाजाने मालेहून ६९८ जणांना कोचीला आणलं. त्यांत १९ गरोदर बायका होत्या. जुनं म्हणून नाक मुरडायचं तर विमानवाहू 'विराट'ही ब्रिटनने वापरलेलंच होतं, आणि त्याने आपल्याकडे तीस वर्षं काढली.

पण वाफेवरच्या जहाजाचं म्हातारपण बाहेरून दिसत नाही. रंग मारला की ते नव्यासारखं चमकतं. 'जलाश्व'ला दोन बॉयलर आणि दोन टर्बाइन आहेत, ताकद २४,००० हॉर्सपॉवर. बॉयलरची नळी गळायला लागली आणि ती बदलायला वेळ नसला, की बॉयलर थंड करायचा, अंग चोरून ड्रममध्ये शिरायचं आणि नळीच्या दोन्ही टोकांना प्लग ठोकायचे. जहाज निघतं. पण वाफ करणारी एक नळी कमी झालेली असते. असे किती प्लग ठोकायचे यालाही मर्यादा आहे. त्यात हे काम येणारी माणसं एकेक करून निवृत्त झाली. नवीन पोरं गॅस टर्बाइन आणि डिझेलवर शिकतात, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. या जातीची बारा जहाजं अमेरिकेने बांधली आणि स्वतःकडची सगळी कधीच निवृत्त केली. मग सुटे भाग आणायचे कुठून?

याच्या मागच्या अंगाला मोठं दार आहे. टाक्यांत समुद्राचं पाणी घेऊन जहाज शेपटाकडून खाली बसवतात, आतल्या हौदात पाणी भरतं आणि त्यातून सैनिकांच्या होड्या थेट किनाऱ्याकडे सुटतात. हे करू शकणारं आपल्याकडे हे एकच. ते दुरुस्तीला गेलं की अंदमानपासून लक्षद्वीपपर्यंत बदली जहाज नाही.

अशीच चार जहाजं देशात बांधायची निविदा वर्षानुवर्षं घोळत ठेवून २०२० मध्ये गुंडाळली गेली. २०२१ मध्ये नव्याने माहिती मागवली. ऑक्टोबर २०२५ मध्ये संरक्षण संपादन परिषदेने मान्यता दिली, हे चांगलं झालं. मात्र मान्यता म्हणजे ऑर्डर नव्हे. ऑर्डरनंतरही जहाज पाण्यात उतरायला काही वर्षं जातातच, आणि तोवर त्याच जुन्या बॉयलरांवर भागवायचं आहे. काम माझगावला जावो, कोचीनला जावो नाहीतर आणखी कुठल्या गोदीत, संरक्षण मंत्रालयाने आता करारावर सही करावी.