माळालाही जंगल म्हणा

दिवाळीची सुटी लागली की आपल्याकडची मंडळी ताडोब्याचा नाही तर मेळघाटाचा बेत आखतात. वाघ दिसला तर सहल सुफळ, नाही तर पैसे पाण्यात! पण हिंगोलीहून वाशीममार्गे कारंजाकडे निघालात, तर वाटेत एक अभयारण्य असे लागते, जिथे गवताचेच राज्य आहे. कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य हे त्याचे नाव. ते २००० साली जाहीर झाले. क्षेत्र जेमतेम १८ चौरस किलोमीटर.

तिथे पाहायचे काय? पावसाळा सरला की पवन्या, मारवेल, कुसळी पिवळी पडतात. त्या पिवळ्या रंगात काळवीट नर उठून दिसतो, पाठ काळीभोर, शिंगे पिळदार. बदामी माद्या मात्र हलेपर्यंत दिसतच नाहीत. डोक्यावर चंडोल गात असतो. मुलांच्या हाती दुर्बीण द्या आणि त्यांना गप्प बसायला सांगा. (दुसरे काम अधिक अवघड.)

अशा माळाला आपण 'पडीक' म्हणतो, आणि घोटाळा तिथेच होतो. पडीक म्हटली की जमीन कुणालाही द्यायला मोकळी. निदान झाडे तरी लावू, असे भल्या माणसांनाही वाटते. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झाले. हा पक्षी उघड्या जमिनीवर, बहुधा एकच अंडे घालतो. त्याला चहूकडे नजर पोहोचेल असे रान हवे. त्या परिसरातही गिरिपुष्पाची लागवड झाली. दोष एकट्या झाडांचा नाही; शेती वाढली, रस्ते झाले, विजेच्या तारा आल्या. आज नान्नजला माळढोक दिसणे दुर्मीळ, आणि देशभरात उरलेले थोडे पक्षी मुख्यतः राजस्थानात. २०१९ साली राज्याने ३३ कोटी झाडे लावण्याचा संकल्प सोडला. त्यातला एकही खड्डा गवताच्या माळावर पडला नसेल, यावर माझा तरी विश्वास बसत नाही.

शेतकऱ्याची बाजूही खरी आहे. माळ आटला की काळवीट सोयाबीनमध्ये, हरभऱ्यात शिरते आणि रात्रीची जागल त्याच्या वाट्याला येते. पंचनामा वेळेवर आणि भरपाई पुढच्या पेरणीआधी मिळायलाच हवी. तोवर त्याला भूतदया शिकवू नये.

येत्या पावसाळ्यात गावच्या गायरानावर वृक्षारोपणाचा ठराव आला, तर आधी एखाद्या जुन्या गुराख्याला विचारा, इथे गवत कोणते येते? पवन्या, मारवेल म्हणाला, तर रोपे शाळेच्या आवारात लावा, रस्त्याच्या कडेला लावा, बांधावर लावा.